गुरुजींचा डायपोल आणि तारेचे चार जोड

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवलेले एक शिक्षक या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांना गावात सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हणतो. त्यांनी घरच्या घरी बांधलेला ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्याचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन भुजांची तारेची अँटेना, फेब्रुवारी ते जून उत्तम चालला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो बिघडला आणि बिघाड नेमका कोठे आहे हे शोधण्यात माझ्या दोन फेऱ्या गेल्या. पहिल्या फेरीत मी चुकीचा निष्कर्ष काढून परत आलो. ती चूक आणि तिचे कारण या नोंदीत मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण तारेचे जोड तपासणारे बहुतेक जण त्याच ठिकाणी फसतात.

अँटेनाची रचना साधी होती. अंगणात ९ मीटर उंचीचा लोखंडी पाइप, त्याच्या शेंड्यापासून दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या दोन भुजा, पूर्वेकडची भुजा गोठ्याच्या आढ्याला आणि पश्चिमेकडची कडुनिंबाला बांधलेली. मूळ बेत भुजा दक्षिणोत्तर ठेवण्याचा होता. परंतु त्या दिशेला गावची विजेची लाइन आडवी जात असल्याने तो सोडून दिला, आणि तो निर्णय योग्यच होता. वाऱ्याने किंवा तार तुटून अँटेना विजेच्या तारेवर पडू शकेल अशा जागी ती बांधायचीच नसते.

लांबीचा हिशेब नेहमीच्या सूत्राने झाला. १४३ ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की अर्ध-तरंग डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते, ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती २०.१४ मीटर, म्हणजे एका भुजेला सुमारे १० मीटर ७ सेंटीमीटर येते. तारेवर वेष्टन असेल तर लांबी दोनेक टक्क्यांनी कमी घ्यावी लागते. गुरुजींनी थोडे थोडे कापत प्रत्येक भुजा ९ मीटर ८५ सेंटीमीटरवर आणली आणि ७.१०० मेगाहर्ट्‌झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे सांगणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) १.३ मिळाला.

तार मात्र अखंड नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी मोटार वाइंडिंग करणारे एक भाऊ गुरुजींचे जुने विद्यार्थी. त्यांच्या दुकानात सबमर्सिबल पंपाच्या मोटारीत भरायच्या तारेचे तुकडे उरतात. ही तार १.२ मिलिमीटर जाडीची, भरीव तांब्याची, आणि तिच्यावर पातळ प्लास्टिकच्या पट्टीचे गुंडाळलेले वेष्टन असते. हे तुकडे गुरुजींना फुकट मिळाले. पूर्वेची भुजा दोन तुकड्यांची झाली. पश्चिमेची तीन तुकड्यांची झाली आणि तिच्यातला शेवटचा, साधारण पावणेदोन मीटरचा तुकडा तर तांब्याचाही नव्हता. घरात पडलेल्या जुन्या सर्व्हिस वायरमधली ती अ‍ॅल्युमिनियमची तार होती. असे एकूण चार जोड झाले. पश्चिम भुजेवर मध्यापासून ३ मीटरवर एक आणि ८ मीटरवर दुसरा, पूर्व भुजेवर ६ मीटरवर तिसरा, आणि चौथा मधला, जेथे रेडिओपासून येणारी कोअ‍ॅक्स केबल दोन्ही भुजांना मिळते. पूर्व भुजेवरचा जोड वाइंडिंगवाल्या भाऊंनी दुकानातच, बोलता बोलता मारून दिला होता. पश्चिमेचे दोन गुरुजींनी घरी केले. मधला माझ्या हातचा.

जुलैत गुरुजींचा फोन आला तेव्हा त्यांचे पहिले वाक्य असे होते : "तार तं कुठंच तुटली नाई ना भाऊ, मंग आयकू कायले येत नाई?"

लक्षणे त्यांनी वहीत तारखेनिशी लिहून ठेवली होती आणि ती वही पुढे फार कामास आली. वारा पडलेला असला की एसडब्ल्यूआर १.६ च्या आसपास राही. वारा सुटला की काटा १.५ ते ४ यांच्यामध्ये कोठेही नाचे. ऐकताना तडतड येई, आणि ती पाऊस थांबून ऊन पडल्यावर दोन-तीन तासांनी कमी होई. सकाळच्या नेटवर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या ठरलेल्या वेळच्या गप्पांत, समोरचे लोक "आवाज मधेच कापला जातो" असे सांगत. सर्वांत विचित्र नोंद अशी की ५ वॅटवर एसडब्ल्यूआर ३ दिसे, मग ५० वॅटवर दहा सेकंद वाहक लहर (आवाजाविना नुसती रेडिओ लहर) सोडली की तो अचानक १.६ वर येई, आणि त्यानंतर काही मिनिटे ऐकूही स्वच्छ येई. गुरुजींनी या नोंदीपुढे कंसात लिहिले होते : थप्पड मारल्यावर शहाणा होतो.

माझा पहिला संशय विजेच्या लाइनवर गेला. पावसाळ्यात खांबावरचा चिरलेला इन्सुलेटर ओला झाला की तडतड होते, हे खेड्यातल्या प्रत्येक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, ठाऊक असते. जुलैअखेरीस मी तेथे गेलो तेव्हा गावचा पुरवठा खंडित झालेला होता आणि रिग, म्हणजे रेडिओ संच, बॅटरीवर चालू होती. तडतड तशीच होती. लाइन निर्दोष ठरली. मग आम्ही अँटेना खाली उतरवली, अंगणात पसरली, आणि मी मल्टिमीटरने प्रत्येक भुजा टोकापासून टोकापर्यंत मोजली. दोन्हीकडे ०.५ ओहम आले, त्यातले ०.३ ओहम मीटरच्या स्वतःच्या वायरींचे. काळी चिकटपट्टी घट्ट दिसत होती. मधल्या जोडावर सोल्डर चकाकत होते. जोड ठीक आहेत, दोष बहुधा केबलच्या प्लगमध्ये असावा असे मी सांगितले, दोन्ही प्लग नवे लावले आणि संध्याकाळच्या बसने वर्ध्याला परतलो. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि काटा पुन्हा नाचू लागला.

या पहिल्या तपासणीत दोन चुका होत्या. पहिली म्हणजे अँटेना जमिनीवर सैल पडलेली असताना मोजली. जोडाला बिघडवणारी गोष्ट ताण आणि हेलकावा ही होती, आणि मी ती दोन्ही काढून घेऊन मग जोडाला विचारत होतो की तुला काही होते का. दुसरी चूक साधनाची. साध्या मल्टिमीटरला ओहमच्या दहाव्या हिश्शाच्या खालचे भरवशाने दिसत नाही, आणि चांगला जोड व कुजायला लागलेला जोड यांच्यातला फरक ओहमच्या हजाराव्या भागांत असतो.

गुरुजींची ती "थप्पड" मात्र परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात राहिली. तांब्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असला तर अँटेनावर येणारे मायक्रोव्होल्टचे संकेत तो भेदू शकत नाहीत. ५० वॅट सोडले की त्यावर पुरेसा व्होल्टेज पडतो, पापुद्रा जागोजाग फुटतो आणि वाट मोकळी होते. धक्का बसला की ती वाट पुन्हा बंद. रेडिओच्या पहिल्या दिवसांतले कोहेरर, म्हणजे रेडिओ लहर आली की वाहू लागणारे सैल स्पर्शाचे संवेदक, याच तत्त्वाच्या आसपास चालत; जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली मांडलेला लोखंड आणि पाऱ्याचा कोहेरर याच कुळातला. गुरुजींच्या अंगणात, कोणी न मागता, तसाच एक कोहेरर तयार झाला होता आणि वारा त्याला टिचकी मारत होता. शिवाय तांब्याचा ऑक्साइड एका दिशेने अधिक वाहतो. १९२० च्या दशकात त्याचे रेक्टिफायर (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) बनवले जात. असा जोड अँटेनात बसला की जोरदार केंद्रांचे संकेत त्यात मिसळून नसत्या ठिकाणी नसते आवाज उमटतात. एकंदर लक्षणे लाइनची नव्हती, प्लगचीही नव्हती. ती जोडाचीच होती.

दुसरी फेरी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली. गावातली मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरत होती, त्यामुळे मदतीला आणि प्रश्न विचारायला माणसे भरपूर होती. या वेळी मी सोबत मोटारसायकलच्या साइड इंडिकेटरसारखा पण मोठा, २१ वॅटचा १२ व्होल्ट दिवा नेला होता. पद्धत अशी : भुजा एका बाजूने कडुनिंबाला बांधायची, दुसऱ्या बाजूने दोराने ताणून धरायची, बॅटरी आणि दिवा तिच्याशी एकसर जोडायचे. दिव्यामुळे तारेतून सुमारे १.७५ अँपिअर प्रवाह वाहतो. मग मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून जोडाच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांपासून बरोबर १० सेंटीमीटर अंतरावर, टोके टेकवायची. तुलनेसाठी आधी त्याच तारेच्या अखंड १० सेंटीमीटरवर मोजायचे. १.२ मिलिमीटर तांब्याच्या तारेला एका मीटरला साधारण १५ मिलिओहम रोध असतो, म्हणून अखंड तुकड्यावर २.७ मिलिव्होल्ट यायला हवे, आणि तेवढेच आले. जोडात दोन तारा शेजारी-शेजारी असतात, तेव्हा निकोप जोडावर यापेक्षा थोडे कमीच यायला हवे.

पूर्व भुजेवरचा, वाइंडिंगवाल्या भाऊंचा जोड : २.४ मिलिव्होल्ट. तार ताणली, काठीने झोडली, मुलांकडून हलवून घेतली. आकडा ढळला नाही. या जोडाला सोल्डर नव्हते आणि चिकटपट्टीही नव्हती.

पश्चिम भुजेवर ३ मीटरवरचा जोड : सैल असताना ३.१. म्हणजे जवळपास निर्दोष, आणि जुलैत मला फसवणारा हाच. दोर ताणला तसा आकडा ४० वर गेला. काठीची हलकी टिचकी मारली तेव्हा मीटरवर डावीकडे नुसता १ उरला, म्हणजे मोजमाप आवाक्याबाहेर, आणि दिवा लुकलुकला. तो दिवा विझताना पाहणे हे सगळ्या आकडेमोडीपेक्षा अधिक पटणारे होते. गुरुजींनी तो तीनदा विझवून पाहिला.

८ मीटरवरचा अ‍ॅल्युमिनियमचा जोड सैल असतानाही ६० ते ११० मिलिव्होल्टांमध्ये तरंगत होता.

चिकटपट्टी उलगडली तेव्हा कारणे उघडी पडली. ३ मीटरवरच्या जोडात दोन तारांची टोके एकाच दिशेला धरून पीळ घातलेला होता, वेणीच्या शेंडीसारखा. घरात पंख्याच्या जोडाला असा पीळ चालतो, कारण तेथे कोणी तार ओढत नाही. दोन्ही बाजूंनी ओढ बसली की मात्र शेंडीचा पीळ बुडापासून उकलू लागतो. प्रत्येक हेलकाव्याला केसभर. वरून बसवलेल्या चिकटपट्टीने पाणी अडवले नाही, उलट आत शिरलेले पाणी सुकू दिले नाही. पट्टीच्या आत पिळाच्या खोबणीत हिरवा थर साचला होता. गुरुजींच्या सौभाग्यवती बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "हे तं पितळीच्या भांड्यात ताक ठेवल्यावानी कळकलं." त्यांचे निदान अचूक होते. ताकाच्या आंबटाने जे तासात होते ते पावसाच्या पाण्याने महिन्यात झाले होते. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडात तर पांढरी भुकटी होती. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या जागी एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम झिजते, आणि त्यावरचा ऑक्साइड विजेला अडवतो. तो साध्या सोल्डरला दाद देत नाही, आणि तार घासून स्वच्छ केली तरी क्षणात पुन्हा येतो. या दोन धातूंचा जोड उघड्यावर करायचाच नाही, एवढाच त्यावर उपाय आहे.

आता मधला जोड, म्हणजे माझा. वरून सोल्डर चकाकत होते हे सांगितलेच आहे. पण केबलची बाहेरची तांब्याची जाळी सोल्डरच्या कडेला हलवली तेव्हा तिच्या केसासारख्या तारा एकेक करून हातात आल्या. दोन गोष्टी घडल्या होत्या. सोल्डर वितळून जाळीत वर चढले होते आणि जेथे ते थांबले तेथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू झाला होता. वाऱ्याने केबल हलली की सगळी वाक त्याच रेषेवर पडे. दुसरी गोष्ट मला अधिक लागली. फेब्रुवारीत माझ्याजवळची सोल्डरिंगची राळ संपली होती, म्हणून गावातल्या दुकानातून फ्लक्सची (धातूवरचा मळ काढणाऱ्या लेपाची) डबी आणून तीच वापरली होती. त्या डबीवर बारीक अक्षरांत जिंक क्लोराइड छापलेले होते ते मी तेव्हा वाचले नाही. कल्हईवाला नवसागर टाकतो तो याच गुणासाठी. तांब्यावरचा मळ तो क्षणात खातो. पण कल्हई झालेले भांडे लगेच धुतले जाते. जाळीच्या आत शिरलेला फ्लक्स कोण धुणार? तो तेथेच राहिला, हवेतली ओल शोषत राहिला आणि तांबे खात राहिला. केबलचे वेष्टन चिरत गेलो तेव्हा सुमारे ३० सेंटीमीटरपर्यंत जाळी काळी पडलेली होती. उघड्या टोकातून केबल पाणी पिते, वातीसारखे.

येथे एका हिशेबाकडे वळणे भाग आहे, कारण त्याविना दुरुस्तीतले निर्णय पटणार नाहीत. ५० वॅट सोडले असता मध्याशी साधारण १ अँपिअर प्रवाह असतो आणि टोकाकडे तो कमी होत शून्यावर जातो. ३ मीटरवर तो मध्याच्या सुमारे ८९ टक्के असतो, ८ मीटरवर जेमतेम २९ टक्के. उष्णतेत जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे अगदी मध्याशी १ ओहमचा जोड असला तरी ५० पैकी १ वॅट जाईल, आणि तोच जोड ८ मीटरवर असला तर एक दशांश वॅटही जाणार नाही. तेव्हा जोडाच्या रोधाने शक्ती वाया जाते ही भीती बरीचशी अनाठायी आहे; जोडाचे चंचल असणे हा खरा दोष. काही मिलिओहम जास्त पण अढळ असलेला जोड शेजाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि वाऱ्यागणिक जुळणारा-तुटणारा जोड अँटेनात कोठेही असला तरी तडतडतोच. दुसरा मुद्दा असा की ७ मेगाहर्ट्‌झवर प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे २५ मायक्रॉनच्या थरातून, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागातून वाहतो. तारेचा गाभा कितीही शुद्ध असो, वरची कातडी कळकली की काम बिघडते. आणि कथील-शिशाचे सोल्डर तांब्यापेक्षा सुमारे नऊपट वाईट वाहक आहे. तेव्हा वीज वाहणे आणि ताण सोसणे ही दोन्ही कामे तांब्याला तांबे घट्ट भिडवून करायची असतात. सोल्डरने फक्त त्या भेटीवर हवा-पाण्यापासून झाकण घालायचे. माझ्या मधल्या जोडात मी सोल्डरलाच सगळी कामे दिली होती.

एसडब्ल्यूआर वारा नसतानाही १.३ ऐवजी १.६ का होता, हे कोडे मापाने सुटले. पश्चिम भुजा आता ९ मीटर ९३ सेंटीमीटर भरली, पूर्व भुजा ९ मीटर ८९. तार लांबली होती. मोटारीची वाइंडिंगची तार तापवून मऊ केलेली असते, म्हणून ती सहज वळते. ओढली की तशीच सहज लांबते. १.२ मिलिमीटरची मऊ तांब्याची तार तुटायला सुमारे २५ किलोचा भार लागतो, पण ८ किलोच्या आसपासच ती कायमची लांबू लागते. आणि या गावात वानरे आहेत. प्रौढ वानर १० किलोहून अधिक वजनाचे असते आणि कडुनिंबावरून गोठ्यावर उडी मारताना मधल्या तारेचा आधार घेण्यात त्याला काही गैर वाटत नाही. दोन्ही भुजा मिळून १२ सेंटीमीटर, म्हणजे ०.६ टक्के वाढ, म्हणजेच अनुनाद (अँटेना ज्या वारंवारतेवर सर्वांत चांगली चालते ती) सुमारे ४० किलोहर्ट्‌झ खाली. गुरुजींच्या वहीत जुलैचा सर्वांत कमी एसडब्ल्यूआर ७.०६० वर नोंदलेला होताच. दोन दोष एकमेकांत मिसळलेले होते : सावकाश सरकणारा दोष लांबीचा, उड्या मारणारा दोष जोडांचा. उन्हाने तार प्रसरण पावून असे होते का, असे एकाने विचारले. यवतमाळचा मे महिना धरूनही, तारेचे तापमान ५० अंशांनी वाढले तर २० मीटर तांबे १७ मिलिमीटर वाढते. त्याने ६ किलोहर्ट्‌झचा फरक पडेल, अधिक नाही.

दुरुस्तीसाठी अखंड तार मिळावी म्हणून तालुक्याला गेलो, पण दुकानात त्या दिवशी सर्वांत लांब तुकडा ७ मीटर २० सेंटीमीटरचाच होता. पश्चिम भुजेला एक जोड अटळ होता. तो मध्यापासून ७ मीटरवर येईल असा ठेवला, जेथे प्रवाह निम्म्याहूनही कमी असतो, आणि उरलेला भाग जुन्या तारेतल्या स्वच्छ तांब्याचा घेतला. अ‍ॅल्युमिनियम काढून टाकले. तार वापरण्याआधी एक टोक कडुनिंबाला बांधून दोघांनी हळूहळू ओढली, तिच्यातल्या गाठी-वळणे गेली, ती किंचित लांबली आणि त्याबरोबर थोडी कडकही झाली. त्यानंतरच माप घेतले.

जोड वाइंडिंगवाल्या भाऊंनीच करून दाखवला. इंग्रजीत याला तारायंत्राच्या कंपनीवरून वेस्टर्न युनियन जोड म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या लाइनी अशाच सांधल्या जात. भाऊंना हे नाव माहीत नव्हते आणि त्याने काही अडलेही नाही. दोन्ही टोकांचे वेष्टन त्यांनी साधारण १२ सेंटीमीटर सोलले. चाकू तारेवर काटकोनात न धरता पेन्सिल तासावी तसा आडवा धरला, कारण तारेवर काप पडला की पुढे ती तेथेच तुटते. मग काचपेपरने तांबे गुलाबी दिसेपर्यंत घासले. दोन तारा एकमेकींच्या समोरून आणून टोकापासून साधारण ८ सेंटीमीटरवर फुलीसारख्या ठेवल्या, मध्यभागी एक लांबट पीळ दिला, आणि मग प्रत्येक टोक दुसऱ्या तारेच्या अंगावर काटकोनात उभे करून पक्कडीने घट्ट, वेढ्याला वेढा चिकटून, सहा वेढे घेतले. उरलेले टोक कापून पक्कडीने दाबून बसवले, जेणेकरून कोठे अणकुची राहू नये. हा जोड आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढला. जितके ओढावे तितके वेढे आवळतात. शेंडीच्या पिळाचे नेमके उलटे. भाऊ एवढेच म्हणाले, "बोअरमधी दोनशे फूट खाली जोड सुटला तं पंप वर काढा लागते, म्हणून हात असाच बसला."

त्यावर सोल्डर मी केले, या वेळी राळेच्या गाभ्याचे ६०/४० सोल्डर वापरून. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने हे काम होत नाही. लांब तांब्याची तार उष्णता दोन्हीकडे पळवून नेते आणि सोल्डर वरवर गोळा होऊन बसते. १०० वॅटचे जाड टोकाचे आयर्न घेतले, गोठ्याच्या आडोशाला बसून जोड खालून तापवला आणि सोल्डर आयर्नला न लावता जोडाला वरून लावले. ते वेढ्यांच्या फटींतून पाण्यासारखे आत ओढले गेले तेव्हा तापमान पुरेसे झाल्याचे कळले. शेवटच्या वेढ्यापाशी थांबलो, पुढे तारेवर सोल्डर चढू दिले नाही. फुंकर न घालता निवू दिले आणि राळेचा उरलेला थर स्पिरिटने पुसला. मऊ तार असल्याने उष्णतेने तिची ताकद आणखी कमी होण्याचा प्रश्न नव्हता. कडक ओढलेली तांब्याची तार असती तर कमीत कमी वेळात हात आवरणे आवश्यक होते, कारण अति तापवली की ती जोडापाशी मऊ पडते. या जोडावर चिकटपट्टी लावली नाही. उघडा जोड भिजतो आणि सुकतो. झाकलेला भिजलेलाच राहतो. पूर्व भुजेवरच्या जोडालाही, तो उत्तम असूनही, घासून-पुसून सोल्डरचे झाकण दिले. त्या भुजेचे वाढलेले ४ सेंटीमीटर कापण्याऐवजी टोकाशी दुमडून तिच्याच अंगावर गुंडाळले.

मध्याशी रचनाच बदलली. काळ्या भागासह केबल ४० सेंटीमीटर कापली. पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून गरम करून सपाट केला आणि त्याला भोके पाडली. भुजांच्या तारा भोकांतून ओवून स्वतःवर वेढे घेऊन बांधल्या; केबल दोन भोकांतून नागमोडी ओवून तिचे वजन पट्टीवर घेतले. विजेचा जोड या बांधणीच्या पलीकडे, सैल राखलेल्या शेपटीवर केला, म्हणजे ताण एकाकडे आणि वीज दुसऱ्याकडे. केबलचे तोंड खाली वळवून त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली आणि तिच्यावर साधी काळी टेप. दुकानदार सिलिकॉनची नळी देत होता. तिला शिर्क्यासारखा आंबट वास होता, म्हणून घेतली नाही. वाळताना आंबट वास सोडणारे सिलिकॉन तांब्याला पुन्हा तेच करते जे माझ्या फ्लक्सने केले. आंबट वास नसलेला प्रकार मिळतो, तो चालतो.

कडुनिंबाकडचे टोक आता झाडाला बांधलेले नाही. फांदीवर छोटी कप्पी टांगली आहे, तिच्यावरून दोर खाली येतो आणि त्याला ४ लिटर पाण्याची कॅन लटकते. झाड हलले किंवा वानर लोंबकळले तर कॅन वर जाते, तार ८ किलोच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. कॅनमध्ये पाणी कमी होते का ते पाहण्याची जबाबदारी गुरुजींच्या नातवाने स्वतःहून घेतली आहे, आणि कॅनवर त्याने आपले नाव लिहिले आहे.

त्या संध्याकाळी ७.०९० वर एसडब्ल्यूआर १.३ मिळाला आणि ५ वॅटवरही तो तितकाच राहिला. हा दुसरा आकडा माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता. पुढच्या मे महिन्यात वावधनाने गोठ्याचे दोन टिन उडाले, अँटेना राहिली. त्यानंतरचा पूर्ण पावसाळा गेल्यावर पुन्हा दिवा आणि बॅटरी घेऊन गेलो. पश्चिम भुजेवरचा नवा जोड १.९ मिलिव्होल्ट, पूर्वेचा २.०, ताणलेले असताना आणि झोडपताना. दोन्ही भुजांच्या लांबीत मोजता येईल असा फरक नव्हता. मधल्या जोडावरची रबरी टेप उलगडून पाहिली. आत तांबे कोरडे होते, पण तोवरच्या उन्हाने तारांवरचे प्लास्टिकचे वेष्टन भोकांपाशी तडकून सुटू लागले आहे. ती तार मोटारीच्या आत, उन्हाविना राहण्यासाठी बनवलेली आहे, तेव्हा हे व्हायचेच होते. वेष्टन पूर्ण निघाले की भुजा विजेच्या दृष्टीने किंचित आखूड होतील आणि अनुनाद वर सरकेल. पूर्व भुजेच्या टोकाशी दुमडून ठेवलेले ४ सेंटीमीटर तेव्हा उलगडायला घेऊ.